लग्नाचा पुष्पगुच्छ घरच्या घरी : बारीक फुलांचा, थोड्या खर्चाचा



तुळशीचं लग्न लागलं की इकडे गळिताने वेग घेतलेला असतो आणि तिकडे गावोगाव लग्नाच्या याद्या होऊ लागतात. उसाचं बिल हातात पडायच्या आधीच त्याच्या वाटण्या झालेल्या असतात. सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, मुलांची फी, आणि घरात कार्य असेल तर मंडप, आचारी, बँड, कापडचोपड. मोठ्या खर्चाला कात्री लावणं अवघड, कारण त्यात दोन्हीकडच्या चार वडीलधाऱ्यांचा शब्द असतो. पण लहान बाबी घरच्या माणसांच्या हातात असतात. फुलं ही त्यातलीच एक बाब.

पूर्वी आपल्याकडे लग्नातलं फुलांचं काम म्हणजे हार, गजरे, वेण्या आणि फुलांच्या मुंडावळ्या. आता स्वागत समारंभात नवऱ्या मुलीच्या हातात गुच्छही असतो. ख्रिस्ती बांधवांच्या लग्नात तर, वसई असो की नगर जिल्हा, नवरी गुच्छ घेऊनच चर्चमध्ये येते. हा गुच्छ ऐन मुहूर्ताच्या दिवसांत विकत घ्यायला गेलं की दर चढलेले असतात. आणि आत पाहावं तर चार गुलाब, बाकी सगळी पांढरी बारीक फुलं! बाजारात त्यांना ‘फिलर’ म्हणतात, म्हणजे भरणीची फुलं. नुसत्या या भरणीच्या फुलांचाच गुच्छ बांधला तर तो ढगासारखा हलका दिसतो, शालूच्या कोणत्याही रंगावर खुलतो आणि घरी दोन तासांत होतो. तो कसा करायचा ते या लेखात पाहू.

फुले कोणती घ्यावीत?

सर्वांत सोयीचं फूल जिप्सोफिला. व्यापारी त्याला ‘जिप्सी’ म्हणतात. पुण्याच्या गुलटेकडीला किंवा दादरच्या फूलबाजारात जुड्या मिळतात. निम्मी फुलं उमललेली आणि निम्म्या कळ्या असलेली जुडी घ्यावी. सगळी उमललेली जुडी डोळ्यांना छान दिसते, पण दुसऱ्या दिवशी तपकिरी पडते. जोडीला पिवळ्या तुऱ्यांचा गोल्डनरॉड किंवा निशिगंधाच्या (आपली गुलछडी) चार काड्या चालतात. पाल्यासाठी कुंपणावरची शतावरी उत्तम, फक्त तिचे काटे आधी खुडून टाकावेत.

बाजार लांब असेल तर रानात बघा. रब्बीत फुलावर आलेली कोथिंबीर म्हणजे पांढरी जाळीच. शेपू आणि बडीशेपेचे पिवळे तुरेही तसेच नाजूक असतात. आणि एक गंमत म्हणजे उसाचा तुरा! तुरा दिसला की वाढ थांबली, आता ऊस वेळेत तुटला पाहिजे, म्हणून आपल्या पोटात गोळा येतो. पण पोंग्यातून नुकताच बाहेर पडलेला, केस मोकळे न झालेला रुपेरी तुरा गुच्छात फार शोभतो. जुना तुरा मात्र घेऊ नये, त्याची म्हातारी साऱ्या मांडवात उडते.

जिप्सोफिला घरीही होतो. चुनखडीची जमीन त्याला मानवते, पण पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. काळ्या जमिनीत गादीवाफा करूनच पेरावा. रोपं उपटून लावलेली त्याला सोसत नाहीत, बी जागेवरच टाकावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला वर्षायू जिप्सोफिला साधारण दोन ते अडीच महिन्यांत फुलतो. सगळा एकदमच फुलून संपतो, म्हणून पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरावं. मे महिन्याच्या उन्हात तो टिकत नाही. तेव्हाच्या लग्नाला निशिगंधाच्या काड्या आणि मुठीभोवती मोगऱ्याचा गजरा असा गुच्छ करावा.

गाजरगवताला हात लावू नका

ही सूचना सर्वांनी, विशेषतः मुलींनी, ध्यानात ठेवावी. बांधावर माजलेल्या गाजरगवताची (काँग्रेस गवत) पांढरी बारीक फुलं लांबून जिप्सीसारखीच दिसतात, शिवाय फुकट. पण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेलं हे गवत आज आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, परागाने दम्याचा त्रास वाढतो. हळदीच्या अंगाने बसलेल्या मुलीच्या हातावर लग्नादिवशी पुरळ उठलं तर केवढ्याला पडेल? रानातून फुलं आणायला लहान मुलांना पाठवलं असेल तर आणलेली फुलं घरातल्या जाणत्या माणसाने तपासून घ्यावीत.

खरी गोम पाण्यात

घरचा गुच्छ फसतो तो बांधणीमुळे क्वचितच, बहुधा तहानेमुळे. म्हणून फुलं समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळीच आणावीत किंवा उन्हं चढायच्या आत तोडावीत. लगेच धारदार चाकूने प्रत्येक काडीचं टोक बोटभर तिरकं कापावं. बोथट कात्रीने काडी चेमटते आणि पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडेल तेवढ्या भागाचा पाला काढून टाकावा, नाहीतर तो कुजतो.

आता पाण्यात काय घालायचं? आपलीच साखर! तोडलेल्या फुलाला झाडाकडून अन्न मिळणं बंद होतं. पाण्यातून थोडी साखर मिळाली तर ते जास्त टिकतं आणि मिटलेल्या कळ्याही उमलतात. जिप्सीला याचा गुण विशेष येतो. पण नुसती साखर घातली तर पाण्यात जंतू वाढतात, काडीची तोंडं बुजतात आणि फूल भरल्या बादलीत सुकतं. म्हणून प्रमाण असं ठेवावं :

पाणी १ लिटर, साखर २० ग्रॅम (चहाचे ४ सपाट चमचे), एका लिंबाचा रस, आणि कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच पाव चमचा.

लिंबाच्या आंबटपणाने पाणी काडीत सहज चढतं आणि ब्लीच जंतूंना रोखतं. ब्लीच आणि लिंबाचा रस मात्र एकमेकांत थेट कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आधी बादलीत सगळं पाणी घ्यावं. त्यात साखर आणि लिंबू घालून ढवळावं, आणि ब्लीच शेवटी घालावं. ही बादली मुलं आणि जनावरांपासून दूर ठेवावी.

या पाण्यात फुलं रात्रभर थंड, अंधाऱ्या खोलीत उभी ठेवावीत. बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर आणखी चांगलं. लग्नघरात नेमकी चूक होते ती इथं. फुलं ठेवतात कोठीच्या खोलीत, आणि तिथंच आंब्याची आढी किंवा केळीचे घड असतात. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो, त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. चुलीच्या धुरातही तोच वायू असतो. फळं आणि धूर, दोन्हींपासून फुलं लांब हवीत.

बांधणी

गुच्छ समारंभाच्या तीन-चार तास आधी बांधावा. जिप्सीच्या मोठ्या काड्या फांद्यांवरून सोडवून वीत-दीड वीत लांबीच्या कराव्यात. अशा वीस-पंचवीस फांद्या पुरतात.

एक मजबूत फांदी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरावी. दुसरी तिच्यावर तिरकी ठेवावी. तिसरी त्याच दिशेने तिरकी. प्रत्येक दोन-तीन फांद्यांनंतर जुडगा हातात थोडा फिरवावा. तिरकेपणा नेहमी एकाच बाजूचा ठेवणं, एवढंच यातलं कसब. असं केलं की वर फुलं आपोआप गोल पसरतात आणि खाली काड्या तिवईसारख्या फाकतात. गुच्छ टेबलावर आधाराशिवाय उभा राहिला तर बांधणी साधली असं समजावं. गोल्डनरॉड किंवा निशिगंध मधेमधे घालावा आणि शतावरी शेवटी कडेने लावावी.

गुच्छ ओंजळीपेक्षा थोडाच मोठा असावा. फार मोठा केला तर मुलीचा हात भरून येतो आणि फोटोत शालू झाकला जातो. बांधायला दोऱ्याऐवजी रबर वापरावं. काड्या सुकून बारीक होतात तेव्हा दोरा सैल पडतो, रबर आवळत जातं. खालची टोकं एकसारखी कापून सुमारे मूठ-दीड मुठीचा दांडा ठेवावा आणि गुच्छ तांब्यात साध्या पाण्यात उभा करावा. हातात द्यायच्या वेळी दांडा पुसून टोकांना ओला कापूस लावावा, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा, आणि वरून खणाची पट्टी किंवा आईच्या जुन्या साडीचा काठ गुंडाळावा. विकतच्या गुच्छाला हा काठ कुठून येणार?

हिशेब आणि तयारी

जिप्सीच्या एक-दोन जुड्या, रबर, काठाची पट्टी, चार चमचे साखर, एक लिंबू. सामान एवढंच. आपल्या बाजारातला जुडीचा भाव आणि तयार गुच्छाचा भाव विचारून दोन्ही शेजारी शेजारी लिहा, फरक लगेच दिसेल. ऋण काढून सण करू नये हे आपण सगळेच म्हणतो. ते खरं करायचं तर अशा लहान लहान जागा शोधाव्या लागतात.

आठ दिवस आधी परसातल्या कोणत्याही फुलांचा एक गुच्छ सरावासाठी जरूर बांधावा. ऐन दिवशी नवरीच्या आईवर हे काम टाकू नये, तिला दुसरी शंभर कामं असतात. यादीच्या दिवशीच करवली, मावशी किंवा शेजारची हुशार मुलगी नेमून द्यावी. मुलांनीही शिकायला हरकत नाही, मोळी बांधणाऱ्या हातांना हे जड नाही.

समारंभ उरकल्यावर गुच्छ फेकू नये. जिप्सी सावलीत, कोरड्या हवेत उलटी टांगली की तशीच वाळते आणि पुढे कितीतरी महिने टिकते. मुलगी सासरी गेली तरी तिच्या हातातला गुच्छ माहेरच्या भिंतीवर राहतो.