गाडीच्या दिव्यावरचा रंग

रमजान जवळ आला की मोहल्ल्यात रंगकाम निघतं. ग्रिलला, दरवाजाला ऑइल पेंटचा हात मारला जातो आणि खाली उभ्या गाडीच्या दिव्यांवर थेंब उडतात. हातावर रंगाचा थर राहिला तर वुजू होत नाही, म्हणून आपण थिनरच्या फडक्याने हात पुसतो. मग तेच फडकं सहज दिव्यावरही फिरतं. दिवा बिघडतो तो इथेच.

पूर्वी हेडलाइट काचेचे असत, त्यांना थिनर चालायचं. आताचे पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे असतात, मागचे लाल दिवे बहुधा ॲक्रिलिकचे. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लागलं की हे प्लास्टिक धुरकट होतं, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्या भरून निघत नाहीत. रात्री उजेड विखुरतो. आपल्याला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

गाडी सावलीत घ्या, दिवा गार होऊ द्या. भिंतीचा पाण्यातला रंग असेल तर कोमट साबणपाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवलं की बहुतेक सुटतो. ऑइल पेंट ओला असतानाच पुसावा. वाळला असेल तर साबणपाण्याने ओला करून नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने आडवं खरवडावं. ब्लेड नको. तरी राहिलाच, तर हेडलाइटवर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर थोडंसं घेऊन हलकं पुसावं आणि लगेच पाण्याने धुवावं. (नाव वाचून दचकू नका, हे मद्य नव्हे, विषारी द्रव आहे. मुलांपासून आणि आगीपासून लांब ठेवा.) ॲक्रिलिकला मात्र अल्कोहोलही लावू नये, चिरा पडतात. तिथे साबणपाणी आणि सबुरीच.

शेवटचा मार्ग वॉटर पेपरचा: भरपूर पाणी घालत आधी 2000 नंबर, मग 3000, नंतर प्लास्टिकचं पॉलिश. पण यात हेडलाइटवरचा उन्हापासून वाचवणारा थर निघतो. तो नव्याने लावला नाही तर लेन्स लवकर पिवळी पडते.

राहिला आपल्या तरुणांचा शौक, मागच्या दिव्यावर काळा स्प्रे मारायचा. दिसायला झकास, पण ब्रेक दाबल्याचं मागच्या ट्रकवाल्याला उशिरा कळतं. असा रंग ॲक्रिलिकवरून स्वच्छ निघणं अवघड असतं. निघाला नाही तर दिवाच बदलावा, आणि बदलेपर्यंत ती गाडी रात्री बाहेर काढू नये.