जुन्या सिव्हिकचे हृदय

आमच्या घरातील होंडा सिव्हिक १९९८ सालची आहे. एलएक्स प्रतीची, हाताने गियर बदलायची. न्यू जर्सीत आल्यानंतर घेतलेली ही आमची पहिली गाडी. आता ती महाविद्यालयात जाणाऱ्या कन्येच्या वाट्याला आली आहे. टर्नपाइकच्या रॅम्पवरून भरधाव वाहतुकीत शिरताना, विशेषतः गाडीत चौघे असले की, इंजिन धापा टाकत असे. कन्येची तक्रार रास्त होती. मात्र नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. हाताशी होते ८०० डॉलर आणि काही रविवार.

या गाडीत डी१६वाय७ हे १५९० घनसेंटिमीटरचे, १०६ अश्वशक्तीचे इंजिन येते. त्याच काळातील ईएक्स प्रतीत त्याचेच भावंड डी१६वाय८ बसवलेले असे. आकारमान तेवढेच, पण शक्ती १२७. हा फरक मुख्यतः व्हीटेक रचनेमुळे पडतो. कॅमशाफ्टवर इनटेक व्हॉल्व्हसाठी वेगळ्या उंचीचे उंचवटे असतात. फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने एक खुंटी सरकते, रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि व्हॉल्व्ह अधिक उंच व अधिक काळ उघडे राहतात. साध्या वाहतुकीत गाडी काटकसरी राहते आणि निकडीच्या वेळी जोर देते.

प्रारंभी मी मात्र मूर्खपणा केला. इंटरनेटवरील एका विक्रेत्याकडून चकचकीत एक्झॉस्ट हेडर मागवला. वाय७च्या मूळ मॅनिफोल्डमध्येच प्रदूषण रोखणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जोडलेला असतो, हे मी लक्षातच घेतले नाही. नवा हेडर बसताच कन्व्हर्टर गेला, आवाज वाढला आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा पेटला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांची तपासणी संगणकाच्या सॉकेटमधून होते; दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास. शिवाय कन्व्हर्टर काढणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हाच आहे. जुना मॅनिफोल्ड परत बसवला. ८०० पैकी १८० डॉलर त्या धुरात गेले. कॅलिफोर्नियातील वाचकांनी तर कोणताही भाग घेण्यापूर्वी त्यावर राज्याच्या वायुमंडळाच्या मान्यतेचा क्रमांक आहे का, हे पाहावेच.

माझे वडील परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. नवा भाग मागण्यापूर्वी जुना पुसून, मोजून पाहण्याची त्यांची सवय मला उशिरा आठवली. मग चारही सिलिंडरांचा दाब मोजला. फारसा फरक नव्हता. इंजिन म्हातारे होते, आजारी नव्हते. स्पार्क प्लग आणि वायर बदलल्या. इंजिन थंड असताना फीलर गेजने व्हॉल्व्हची फट तपासली. इनटेकची ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्टची ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर असायला हवी. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अगदी आवळलेले निघाले. एवढ्यानेच गाडी सुधारली. खर्च शंभर डॉलरच्या आत. खरे तर बहुतेकांनी इथेच थांबावे.

आम्ही थांबलो नाही, कारण मागून ठोकलेली एक ईएक्स सिव्हिक भंगारवाड्यात सापडली. वाय८चे फक्त हेड काढून वाय७च्या ब्लॉकवर बसवणे आणि जुन्या पद्धतीचा बदललेला संगणक लावणे, हा स्वस्त मार्ग तरुणांत लोकप्रिय आहे. पण तो संगणक तपासणीच्या सॉकेटशी बोलतच नाही, म्हणजे पुन्हा नापास. त्यामुळे पूर्ण इंजिन, त्याचाच संगणक, त्याचाच कन्व्हर्टर आणि संबंधित वायर, असा एकच सौदा ४२० डॉलरला केला. आमचा गियरबॉक्स त्याला जसाच्या तसा बसला.

इंजिन जमिनीवर असतानाच टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलला. हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सारेच संपते. पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून दोन्ही एकदम. क्रँकच्या पुलीचा बोल्ट काढायला मात्र लांब पाइप आणि आम्हा दोघांचे वजन लागले. हे इंजिन उलट्या दिशेने फिरते, हे तिने पुस्तिकेत वाचून मला सांगितले. मी तोवर चुकीच्या बाजूने फिरवायला निघालो होतो.

व्हीटेकचा सोलेनॉइड, तेलदाबाचा स्विच आणि नॉक सेन्सर यांच्या वायर आमच्या गाडीत मुळात नव्हत्याच. त्या एकेक करून ओढण्यात दोन रविवार गेले. सोल्डरिंग सगळे कन्येने केले. बॅटरी काढल्याने संगणकाची स्मृती पुसली होती. म्हणून गाडी आठवडाभर नेहमीसारखी चालवली आणि मगच तपासणीला नेली. दिवा बंद होता. काचेवर नवे स्टिकर लागले.

त्याच संध्याकाळी टर्नपाइकच्या रॅम्पवर ती तिसऱ्या गियरमध्ये थोडा अधिक वेळ राहिली. इंजिनचा सूर बदलला. मागच्या बाकावर आई दाराची मूठ धरून बसली होती. ट्रक मागे पडल्यावरच तिने ती सोडली.