भोपाळची कास आणि पट्ट्यांचा ट्रॅक्टर

जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनात लोखंडी पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर दिसला की मुलांना तो रणगाडाच वाटतो. या यंत्राचे भोपाळच्या शेतीशी जुने नाते आहे.

हरळी, म्हणजे कन्नडमधली गरिके, रानात माजली की काय होते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. भोपाळकडे तिची थोरली बहीण म्हणजे कास नावाचे गवत. पावसाळा सरताना पांढरे तुरे येतात, दिसायला देखणे! पण मुळे फार खोल. लाकडी नांगर नुसती वरची माती ओरखडतो आणि तुटलेल्या मुळाला पुन्हा कोंब फुटतो. शेवटी लोकांनी शेते टाकून दिली.

स्वातंत्र्यानंतर देशात धान्याची टंचाई होती. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर या कामाला जुंपले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने यंत्रांसाठी १ कोटी डॉलर कर्ज दिले. रुंद पट्ट्यांमुळे वजन पसरते, जमिनीवर पकड बसते आणि जड नांगर खोलवर ओढता येतो. उन्हाळ्यात नांगरट करायची, म्हणजे वर आलेली मुळे उन्हात वाळून मरतात.

यंत्रे आली, पण चालवणार कोण? १९५५ मध्ये तेव्हाच्या भोपाळ राज्यातच, नर्मदाकाठी बुधनीला, ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले. ते आजही चालू आहे. भोपाळहून नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादला, जाताना बुधनी वाटेतच लागते.