पाचगणीचं मत : समजुती आणि वस्तुस्थिती

नोव्हेंबर 2016 मध्ये पाचगणीकरांनी नगरपालिकेसाठी मतदान केलं. त्यानंतरचं मतदान झालं ते थेट डिसेंबर 2025 मध्ये. मधल्या काळात निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि राज्यभरातल्या पालिकांवर प्रशासक बसले. 6 मे 2025 रोजी न्यायालयानं निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे गाडी हलली. 2016 साली सतरा वर्षांचा असलेला मुलगा पालिकेसाठी पहिलं मत देताना सव्वीस वर्षांचा झाला होता.

एवढा खंड पडला की माहिती पुसट होते आणि तिची जागा ऐकीव गोष्टी घेतात. बाजारपेठेत, टॅक्सी स्टँडवर, हॉटेलांच्या भटारखान्यात आणि शाळांच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये त्याच त्या समजुती पुन्हा पुन्हा ऐकू येतात. त्यांच्यामुळे माणसाचं मत हुकतं, नाहीतर अर्धवट दिलं जातं. म्हणून त्या एकेक करून तपासू.

गैरसमज 1 : पालिकेची निवडणूक किरकोळ, खरी निवडणूक आमदारकी-खासदारकीची.

वस्तुस्थिती : 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान दिलं आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी 18 विषय नेमून दिले. नगररचना, बांधकामाचं नियमन, रस्ते, पाणी, स्वच्छता, दिवाबत्ती, उद्यानं, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद हे सगळे त्यात येतात. त्याआधीपासून 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानंही यातली बरीच कामं पालिकेवर बंधनकारक केली आहेत.

पाचगणीत तर हे पावलोपावली दिसतं. पसरणी घाट चढून येणाऱ्या गाडीला दांडेघर नाक्यावर पालिकेची पावती फाडावी लागते. तो पैसा कुठे खर्च व्हावा, हे सभागृहात ठरतं. सुट्टीच्या दिवशी गावात किती गाड्या शिराव्यात, त्या कुठे उभ्या राहाव्यात, पर्यटकांनी टाकलेला कचरा कुठे जावा, हे प्रश्न दिल्लीत सुटत नाहीत. जिथे गावाचा कचरा पडायचा, तिथे आज ‘स्वच्छ भारत पॉइंट’ आहे आणि लोक तो बघायला येतात. पालिकेनं मनावर घेतलं तर काय होतं, याचं ते उत्तर आहे.

शिवाय 17 जानेवारी 2001 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. झाडं, उतार, बांधकामाची उंची यांवर इथे बंधनं आहेत. नियम केंद्राचे असले तरी रोजची नजर ठेवायची ती स्थानिक यंत्रणेनं, आणि त्या यंत्रणेला जाब विचारायचा तो नगरसेवकांनी. प्रशासकाच्या राजवटीत कामं थांबतात असं नाही, पण मत मागायला ज्याला पुन्हा दारात यायचं आहे, असा माणूस तिथे नसतो.

गैरसमज 2 : पत्त्यावर ‘पाचगणी’ आहे, म्हणजे मी पाचगणी पालिकेचा मतदार.

वस्तुस्थिती : पोस्टाचा पत्ता आणि पालिकेची हद्द या वेगळ्या गोष्टी आहेत. गोडवली, आंब्रळ, खिंगर या गावच्या माणसाचा सारा व्यवहार पाचगणीच्या बाजारपेठेत होतो, पण त्याचं घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर त्याला पालिकेसाठी मत नाही. तो ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तिन्हींसाठी मत देतो. पुस्तकांचं गाव म्हणून नावाजलेल्या भिलारचंही तसंच.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. पालिका हद्दीतला मतदार जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला मत देत नाही. ‘झेडपीला मतदान आहे, माझं नाव कसं नाही?’ अशी तक्रार दर वेळी ऐकू येते. नाव गळालेलं नसतं, ती निवडणूकच त्या मतदाराची नसते.

गैरसमज 3 : बंगला माझा, घरपट्टी मी भरतो, म्हणजे मत माझं. भाडेकरूला मात्र मत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 20 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, केवळ घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही. मुंबई-पुण्यात राहून मे महिन्यात बंगल्यावर येणाऱ्यानं मत आपल्या राहत्या शहरात द्यायचं. आणि पाचगणीत भाड्याच्या खोलीत वर्षभर राहणारा हॉटेल कामगार, टेबललँडवर घोडी फिरवणारा, शाळेच्या क्वार्टर्समध्ये राहणारा शिक्षक किंवा शिपाई, यांचं वय 18 पूर्ण असेल तर त्यांना इथे नाव नोंदवण्याचा पूर्ण हक्क आहे. भाडेकरार नाही, घरमालक कागद देत नाही, म्हणून गप्प बसू नये. राहण्याचा पुरावा दुसऱ्या कागदांनीही देता येतो आणि नोंदणी अधिकारी प्रत्यक्ष चौकशी करून खात्री करू शकतात.

नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येतं. गावाकडे एक आणि इथे एक अशी दोन नावं ठेवणं कायद्याला मान्य नाही. नोंदणीच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. 2025 च्या निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकित खुणा केल्या होत्या, त्या याचसाठी.

गैरसमज 4 : विधानसभेला मत दिलं होतं, कार्डही आहे; पालिकेला नाव असणारच.

वस्तुस्थिती : मत कार्डावर नाही, यादीवर मिळतं. कार्ड ओळख पटवण्यापुरतं असतं. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांसारखा फोटो असलेला मान्य पुरावा चालतो. यादीत नाव नसेल, तर मात्र कुठलाच कागद उपयोगी पडत नाही.

पालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतो. 2025 साठी ती तारीख 1 जुलै होती. त्यानंतर वाई विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नव्यानं आलेल्या नावाला पालिकेत मत नव्हतं. बहुतेकांचं मत हुकतं ते इथे. प्रचाराचे भोंगे वाजू लागल्यावर नाव नोंदवायला धावणाऱ्याला उशीर झालेला असतो.

यादी फोडताना चुकाही होतात. एकाच इमारतीतली निम्मी नावं एका प्रभागात आणि उरलेली शेजारच्या प्रभागात जातात. म्हणून आधी प्रारूप यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. प्रभाग चुकला असेल किंवा विधानसभेच्या यादीतलं नाव उतरवून घेताना सुटलं असेल, तर त्याच मुदतीत अर्ज करायचा. मूळ यादीतच नसलेलं नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही.

गैरसमज 5 : आत जायचं, एक बटण दाबायचं, बाहेर यायचं. नगराध्यक्ष काय, नगरसेवक नंतर निवडतील.

वस्तुस्थिती : हा गोंधळ कायद्याच्या फेरबदलांतून आला आहे. 2016 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरलं, 2020 मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली. आज नगराध्यक्ष मतदारच निवडतात.

नगरपरिषदेच्या एका प्रभागातून साधारणपणे दोन सदस्य निवडले जातात, एखाद्या प्रभागातून तीन. म्हणजे बहुतेक मतदारांना तीन मतं द्यायची असतात : नगराध्यक्षासाठी एक, ‘अ’ जागेसाठी एक आणि ‘ब’ जागेसाठी एक. नगरपंचायतीत प्रभागाला एकच सदस्य असतो, म्हणून तिथे दोन मतं.

केंद्रात पहिला अधिकारी नाव पुकारून यादीत खूण करतो. मग डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते, सही किंवा अंगठा होतो आणि यंत्र सुरू केलं जातं. आडोशामागच्या यंत्रावर प्रत्येक पदाची मतपत्रिका वेगळी असते. एका पदाचं बटण दाबलं की त्या नावासमोरचा दिवा लागतो. मग पुढच्या पदाकडे वळायचं. सगळी मतं देऊन झाली की लांब बझर वाजतो. तो वाजेपर्यंत जागा सोडू नये. एक बटण दाबून घाईनं बाहेर पडणारे पुष्कळ असतात आणि केंद्रावरच्या माणसांना त्यांना परत बोलवावं लागतं.

विधानसभेला दिसणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी पालिकेच्या मतदानात दिसत नाही, कारण या निवडणुकांत ते यंत्र वापरलं जात नाही. चिठ्ठी दिसली नाही म्हणून मत गेलं नाही, असं समजू नये. दिवा आणि बझर याच खुणा.

गैरसमज 6 : प्रभाग महिलेसाठी किंवा दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव आहे, आपला काय संबंध?

वस्तुस्थिती : आरक्षण उमेदवारीला असतं, मतदानाला नसतं. राखीव जागेवर कोण उभं राहू शकतं एवढंच आरक्षण ठरवतं. मत त्या प्रभागातला प्रत्येक मतदार देतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. ‘बाई नावाला, कारभार नवऱ्याचा’ म्हणून त्या जागेवरचं मत उरकून टाकणारा मतदार, सभागृहात स्वतः उठून प्रश्न विचारू शकणाऱ्या बाईचं नुकसान करतो. राखीव जागेवरच्या उमेदवारांनाही तितक्याच बारकाईनं पारखायला हवं.

गैरसमज 7 : नोटा म्हणजे मत वाया.

वस्तुस्थिती : लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेला विजयी होतो. महाराष्ट्रात पालिकांसाठी नियम वेगळा आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर 2018 च्या आदेशाप्रमाणे एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं मिळाली, तर त्या जागेची निवडणूक नव्यानं घेतली जाते. दुसऱ्या वेळीही तसंच झालं, तर मात्र उमेदवारांमध्ये ज्याची मतं जास्त तो निवडून येतो. प्रत्येक पदासाठी नोटाचं बटण वेगळं असतं. एका जागेवर कोणीच पसंत नसेल, तरी दुसऱ्या जागेवरच्या चांगल्या उमेदवाराला मत देता येतं.

गैरसमज 8 : उमेदवार नेतेच ठरवतात, आणि एका मतानं काय होतं?

वस्तुस्थिती : अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठी आधी ‘प्रायमरी’ होते आणि तिथे पक्षाचे सामान्य मतदार मत देतात. आपल्याकडे तिकीट पक्षाचे नेते वाटतात, हे खरं. म्हणून आपल्या हाती काहीच नाही, असं मात्र नाही. पालिकेची निवडणूक 21 वर्षं पूर्ण झालेला मतदार लढवू शकतो, आणि पाचगणीसारख्या गावात अपक्ष आणि स्थानिक आघाड्या यांना खरी संधी असते. प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे यांचं शपथपत्र द्यावं लागतं. ते वाचून त्याला चारचौघांत प्रश्न विचारणं, ही आपली निवड मतदानाच्या आधीच सुरू होते.

आता एका मताचं. 2011 च्या जनगणनेत पाचगणीची लोकसंख्या 15 हजारांच्या आत-बाहेर होती. वाई विधानसभा मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार आहेत. पालिकेच्या एका प्रभागाच्या वाट्याला त्याचा अगदी लहानसा अंश येतो, त्यामुळे तिथल्या मताचं वजन कितीतरी पटीनं जास्त. मोठ्या शहरातही हिशेब एका मतावर येतो. 2017 मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग 220 मध्ये सुरेंद्र बागलकर आणि अतुल शाह यांना बरोबर 5,946 अशी सारखी मतं पडली. निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला आणि शाह विजयी झाले. त्या प्रभागात घरी बसलेल्या कोणाही एकानं निकाल ठरवला असता.

गैरसमज 9 : पाकीट घेतलं, आता शब्द पाळायलाच हवा. कोणाला मत दिलं ते त्यांना कळतंच.

वस्तुस्थिती : मत गुप्त आहे. यंत्र कोणत्या मतदारानं कोणाला मत दिलं, याची नोंद ठेवत नाही. ‘आम्हाला कळतं’ ही निव्वळ धमकी असते. मतासाठी पैसे देणं आणि घेणं हे दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 खाली गुन्हे आहेत. पाकीट नाकारणं हाच सरळ मार्ग. आणि कोणी दबावाखाली घेतलंच असेल, तर त्यानं मत बांधलं जात नाही. जो पाच वर्षांचा हिशेब एका रात्रीत पैशात मिटवतो, त्याच्याकडे नंतर गटार तुंबल्याची तक्रार कोणत्या तोंडानं न्यायची, याचा विचार मात्र प्रत्येकानं करावा.

आता करायचं काय?

• विधानसभेच्या यादीत आपलं नाव आजच तपासा. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना 8. 18 वर्षं पूर्ण झाल्याचा हिशेब आता वर्षातून चारदा होतो : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर.

• प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली की घरातल्या सगळ्यांचा प्रभाग बघा. चूक असेल तर मुदतीत हरकत घ्या.

• मतदान साधारणपणे सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच असतं. वेळ संपताना रांगेत उभ्या असलेल्यांना मत देता येतं.

• तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर मुकाट्यानं परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मत’ मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेऊन वेगळं ठेवलं जातं.

पुढच्या निवडणुकीची तारीख आपल्या हातात नाही, हे नऊ वर्षांच्या खंडानं दाखवून दिलं. यादीतलं नाव मात्र आपल्या हातात आहे. शेजारच्या खोलीत नव्यानं राहायला आलेलं कुटुंब, यंदा अठरा पूर्ण केलेली मुलगी, लग्न होऊन गावात आलेली सून, यांचं नाव यादीत आहे का, एवढं प्रत्येकानं विचारलं आणि नसेल त्याला अर्ज भरायला मदत केली, तर पुढची निवडणूक जाहीर होईल तेव्हा पाचगणीचा मतदार तयार असेल. पालिका आपली व्हावी असं वाटत असेल, तर सुरुवात त्या अर्जापासून करायची.