जुन्या लुगड्याच्या आठ पदरांतून

सुतळीचे दोन तुकडे घ्या. उजवं टोक डाव्यावरून नेऊन पीळ द्या, मग डावं टोक उजव्यावरून. ही रीफ नॉट. गर्ल गाईड झालेल्या प्रत्येक मुलीला ती सुरुवातीलाच शिकवतात, कारण पट्टी बांधताना ती अंगाला सपाट बसते. आता दुसरी गाठ मारा, पण या खेपेला दोन्ही वेळा उजवं टोक डाव्यावरून न्या. दिसायला ती जवळजवळ पहिलीसारखीच असते. दोन्ही ओढून बघा. पहिली धरून राहते, दुसरी हळूहळू घसरत सुटते. सुतळी तीच, वेढे तेवढेच, हात तेच. मग फरक पडला कुठे?

खलाशांना आणि विणकरांना हा फरक शेकडो वर्षं हातानं माहीत होता. त्यामागचं कारण मात्र 2020 मध्ये नीट मांडलं गेलं. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या गणितज्ञांनी आणि अभियंत्यांनी दाब पडला की रंग बदलणारा धागा वापरून गाठी बांधल्या आणि आतला ताण अक्षरशः डोळ्यांनी पाहिला. गाठ आवळताना धागा प्रत्येक ओलांडणीपाशी स्वतःभोवती थोडा वळतो. रीफ नॉटमध्ये तो एका ठिकाणी डावीकडे वळू पाहतो आणि शेजारच्याच ठिकाणी उजवीकडे. दोन्ही वळणं एकमेकांना अडवतात आणि गाठ बसते. चुकलेल्या गाठीत ती एकाच दिशेची असतात, म्हणून धागा गडगडत निसटतो. दहा वर्षांची मुलगी मैदानात बसून जी गाठ मारते, तिच्यात एवढं भरलेलं आहे! (जीव टांगायचा असेल तिथे मात्र रीफ नॉट वापरायची नसते. ती पट्टीसाठी आणि पुडक्यासाठी. हेही त्याच बैठकीत सांगावं.)

गाईड कॅप्टन झालेल्या शिक्षिकांचा नेहमीचा प्रश्न असतो की मुलींना उपक्रम काय द्यायचे आणि सेवाप्रकल्प कोणता घ्यायचा. वृक्षारोपण, प्रभातफेरी, ग्रामस्वच्छता, खरी कमाई ही नावं लगेच पुढे येतात आणि ती चांगलीच आहेत. माझं म्हणणं इतकंच, की एखादी गोष्ट का घडते हे मुलीला कळलं की ती दुसऱ्याला पटवून देऊ शकते, कुणाचं चुकत असेल तर दुरुस्त करू शकते. तिथून तिची सेवा सुरू होते. आणि अशा गोष्टी शोधायला लांब जावं लागत नाही.

घरातलं जुनं लुगडं घ्या. बांगलादेशात पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथी का येतात, याचा शोध सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल अनेक वर्षं घेत होत्या. पटकीचा जंतू इतका बारीक, की कुठल्याही कापडातून सहज पार व्हावा. पण तळ्यानदीच्या पाण्यात तो बहुतेक वेळा एकटा फिरत नाही. कोपेपॉड नावाचे चिमुकले जलजीव असतात, सुमारे मिलिमीटरभर लांबीचे किंवा त्याहून लहान. त्यांच्या अंगावर हे जंतू मोठ्या संख्येनं चिकटून राहतात. मग जंतू गाळायची गरजच काय? तो ज्याच्यावर बसलाय, त्यालाच अडवायचं.

प्रयोगशाळेत निरनिराळी कापडं तपासली, तेव्हा सुती साडी उत्तम ठरली, आणि तीही जुनी. नव्या कापडाची वीण मोकळी असते. वर्षानुवर्षं धुवून, आपटून, उन्हात वाळवून सुताचे तंतू फुलतात, मऊ होतात आणि विणीतली भोकं बुजत जातात. तीन घड्या घातल्या की आठ पदर होतात. अशा जुन्या साडीतून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे कणसुद्धा बहुतेक पलीकडे जात नाहीत. नवी कोरी साडी या कामी तेवढी उपयोगाची नाही! आजीच्या नेसून नेसून विरलेल्या लुगड्यात ही शक्ती वापरामुळेच आली आहे, हे वाचलं तेव्हा मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पुढे बांगलादेशातल्या मतलब भागात पासष्ट गावांत प्रयोग झाला, आणि त्यांतल्या काही गावांतल्या बायकांना अशा साडीतून पाणी गाळायला शिकवलं गेलं. निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं, 48 टक्क्यांनी, घटलं होतं. त्याहून मोठं आश्चर्य नंतर कळलं. काही वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा शिकवलेल्या बायकांपैकी 31 टक्के अजून पाणी गाळत होत्या. ज्यांना कुणीच शिकवलं नव्हतं, त्यांच्यातल्याही सुमारे एक चतुर्थांश बायका गाळू लागल्या होत्या. हा निरोप एका घरातून दुसऱ्या घरात आपोआप पोचला होता.

आपल्याकडे तर ही गोष्ट आणखी जवळची आहे. नारू आठवतो ना? निदान घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं की वर्षभरानं पायातून हातभर लांब कृमी बाहेर येई. त्याची अळी ज्याच्या पोटात वाढे, तो सायक्लॉप्स म्हणजे कोपेपॉडचाच एक प्रकार. नारूला ना लस होती, ना खात्रीचं औषध. विहिरींच्या पायऱ्या बुजवणं, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकणं आणि पाणी फडक्यातून गाळून पिणं, अशा उपायांनी तो हटला. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त असल्याचं मान्य केलं.

आता यातून गाईडच्या मुलींसाठी काय निघतं ते बघा. तळ्याचं थोडं पाणी काचेच्या भांड्यात घ्या आणि भिंगातून दाखवा. झटके देत पोहणारे ठिपके दिसतील. फोल्डस्कोप मिळाला तर फारच छान. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे मनू प्रकाश यांच्या गटानं बनवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक मुली स्वतः घड्या घालून जोडतात, आणि त्यातून 140 पट मोठं दिसतं. मग तेच पाणी नव्या कापडाच्या एका पदरातून गाळा, जुन्या साडीच्या आठ पदरांतून गाळा, आणि दोन्ही पुन्हा भिंगाखाली धरा. कापड उलटं करून पाण्यात धुतलं की अडकलेले जीव परत पोहताना दिसतात. हे एकदा पाहिलेली मुलगी घरच्या नळाला बांधलेलं मळकं फडकं तसंच राहू देणार नाही. गाळल्यावर कापड धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि पाणी तरीही उकळायचं, कारण सुटे जंतू आणि विषाणू कापडानं अडत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर वस्तीतल्या वीसेक घरांत हे दाखवायला मुली गेल्या, तर त्यांना भाषण पाठ करावं लागणार नाही. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

दुसरी वस्तू स्वयंपाकघरातलीच. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जलसंजीवनीची पाकिटं मिळतात तिथे तीच वापरावीत, पण नसतील तेव्हा हे मिश्रण जीव वाचवतं. जुलाबात नुसतं पाणी दिलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. आतड्याच्या पेशींवर एक दार असतं, त्यातून मीठ आणि साखर जोडीनं आत जातात आणि मागोमाग पाणी खेचलं जातं. ही जोडी जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या, पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांमध्ये हे द्रावण भरून ठेवलं. रुग्णांच्या नातेवाइकांनी ते पेल्यापेल्यानं पाजलं. महालनबीस यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधला मृत्युदर जवळपास तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आला.

डॉक्टरांच्या हातातलं काम तिथे आयांनी आणि भावंडांनी केलं, आणि माप अचूक होतं म्हणून ते साधलं. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका असतो. म्हणून संघासंघांत मापाची शर्यत लावा. डोळ्यांवर पट्टी बांधून नव्हे, अगदी शांतपणे, चमचा सुरीनं सपाट करून. शेवटची तपासणी जिभेनं करायची. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.

तिसरी गोष्ट आकाशातली. रात्रीच्या शिबिरात मुलींना ध्रुवतारा दाखवता, तेव्हा उत्तर दिशेशी थांबू नका. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण 10 अंश झाकते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठी मोजायला लावा. ध्रुव जितका वर, तितके त्या गावाचे अक्षांश, अंशभराच्या फरकानं. पुण्यात दोन मुठींना थोडा कमी, पणजीत दीड, श्रीनगरात साडेतीन. पृथ्वी गोल आहे, हे मुलीनं पुस्तक न उघडता स्वतःच्या मुठीनं मोजलेलं असतं.

मुलींनी हे सगळं करावं, ही मागणी मुळात मुलींचीच होती. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काऊट मेळाव्याला काही मुली स्वतःहून आल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. पुढच्या वर्षी गर्ल गाईड्सची संघटना उभी राहिली, स्काऊटच्या संस्थापकांच्या बहीण ॲग्नेस बेडन-पॉवेल यांच्या पुढाकारानं. 1911 मध्ये भारतातली पहिली गाईड कंपनी जबलपूरला निघाली. गाईडिंगच्या जगभरातल्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी संगम हे केंद्र तर आपल्या पुण्यात आहे. 1966 मध्ये संस्थापकांच्या पत्नी लेडी ओलाव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात, पुण्यातल्या संस्थांमध्ये काम करतात. महाराष्ट्रातल्या गाईड कॅप्टननं आपल्या मुलींना घेऊन तिथे एकदा तरी जावं.

या चळवळीची घडीच अशी आहे, की सहा-आठ मुलींचा एक संघ आणि त्यांच्यातलीच एक संघनायिका. कॅप्टननं संघनायिकांना शिकवायचं आणि त्यांनी आपापल्या संघाला. मतलबच्या गावांत साडीची युक्ती जशी घरोघर गेली, तशीच ही रीत चालते. म्हणून मोठा प्रकल्प आखण्याआधी संघनायिकांना एका दुपारी बोलवा. त्यांच्यासमोर सुतळी, जुनं लुगडं, तळ्याचं पाणी आणि एक भिंग ठेवा, आणि कारण सांगायची घाई करू नका. त्यांना आधी विचारा, असं का होत असेल? उत्तरं चुकू द्या. मग प्रत्येकीला आपल्या गल्लीतली पाच घरं निवडायला सांगा, आणि पहिला पाऊस पडायच्या आत त्या पाच घरांतलं पाणी गाळण्याचं फडकं बदललेलं असेल, एवढंच काम द्या. जुनी सुती साडी बहुतेक घरांत असते. पैसे लागणार नाहीत.