सागरातील कुंपण

डोंगर वा नदी आड आली की एका जातीच्या प्राण्यांची ताटातूट होते आणि कालांतराने त्यांच्या दोन जाती बनतात. परंतु अथांग सागरात असे कुंपण कोठले? अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या सूक्ष्म अळ्या कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. असे असूनही हवाई बेटांच्या किनाऱ्यावर अर्चिनच्या दोन निकटच्या जाती शेजारी शेजारी नांदतात. त्यांच्या आनुवंशिक द्रव्यातील भेद अल्प असला, तरी एकीची अंडी दुसरीच्या शुक्रपेशींनी क्वचितच फळतात, असे पालुंबी व मेट्झ या संशोधकांनी 1991 साली दाखवून दिले. शुक्रपेशीवरील ‘बाइंडिन’ हे प्रथिन अंड्याशी जुळले, तरच फलन होते. या प्रथिनात थोडा पालट झाला, की तोच डोंगराचे काम करतो.