मेनफ्रेमचा क्रिप्टो अहवाल कसा वाचावा

आयबीएमच्या मेनफ्रेमवर कूटलेखनाचे काम दोन ठिकाणी चालते: प्रोसेसरमध्येच असलेल्या सीपीएसीएफमध्ये आणि क्रिप्टो एक्स्प्रेस या स्वतंत्र कार्डावर. कार्ड उघडायचा प्रयत्न झाला की आतल्या गुप्त किल्ल्या पुसल्या जातात, म्हणून पिनसारखी नाजूक कामे त्याच्याकडे सोपवतात. झेड/ओएस प्रणालीत या कामाची मोजणी एसएमएफ या नोंदव्यवस्थेच्या 70 क्रमांकाच्या, 2 उपप्रकाराच्या नोंदींत साठते. आरएमएफ हे साधन त्यावरून अहवाल काढते.

धार जिल्ह्यातल्या कुक्षीत एखाद्या शेतकऱ्याने दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर पिन दाबला, की तो यंत्रातच कूटबद्ध होतो. पुढच्या प्रवासात एका किल्लीतून दुसऱ्या किल्लीत जातो, त्याला 'पिन ट्रान्स्लेट' म्हणतात; एटीएम कार्ड देणाऱ्या बँकेकडची तपासणी म्हणजे 'पिन व्हेरिफाय'. त्या बँकेचा कारभार मेनफ्रेमवर असेल, तर अहवालाच्या आयसीएसएफ (झेड/ओएसची कूटलेखन सेवा) विभागात याच नावांपुढे दर सेकंदाचा वेग दिसतो.

अहवालातल्या क्रिप्टो कार्डांच्या विभागात तीन आकडे महत्त्वाचे: दर सेकंदाची कामे, एका कामाचा सरासरी वेळ आणि वापराची टक्केवारी. समजा, सेकंदाला 500 कामे आणि प्रत्येकी 0.8 मिलिसेकंद. गुणाकार 400 मिलिसेकंद, म्हणजे वापर 40 टक्के. वेग तोच राहून वेळ वाढला, तर कामाचे स्वरूप बदलले असे समजावे. 4096 बिटांची आरएसए किल्ली 2048 बिटांच्या किल्लीपेक्षा कितीतरी जड पडते.

सरासरी मात्र जपून वाचावी. पंधरा मिनिटांची सरासरी 30 टक्के असली, तरी त्यात पाच मिनिटे 90 टक्के आणि दहा मिनिटे शून्य असू शकतात. त्या पाच मिनिटांत एटीएमसमोर ताटकळणाऱ्या माणसाला 30 टक्क्यांचा काही उपयोग नाही. म्हणून बाजाराच्या किंवा पगाराच्या दिवसांसाठी नोंदींचा कालखंड लहान ठेवावा. राखीव क्षमतेचा हिशेबही इथेच होतो: दोन कार्डे प्रत्येकी 55 टक्के राबत असतील आणि एक बंद पडले, तर उरलेल्यावर 110 टक्क्यांचा भार येतो. दोन्हींचा वापर मिळून शंभर टक्क्यांच्या बराच खाली हवा.

शेवटी आकडा कोणाचा, हे पाहावे. एकच कार्ड अनेक एलपारमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या तार्किक भागांत, वाटलेले असते. कार्डाचा एकूण वापर साऱ्या यंत्राचा असतो, तर आयसीएसएफचे आकडे एका एलपारमधल्या प्रणालीचे. म्हणून दोन्ही विभागांची बेरीज जुळत नसली, तरी ती चूक मानू नये. उरलेले काम शेजारच्या एलपारमध्ये शोधावे.